लिंबाजी भीतीचा सिनेमा बघतो

एका गावात एक भोळा लोहार होता. नाव लिंबाजी. हातात दहा माणसांचं बळ. डोक्याला मात्र कधी काम पडलं नव्हतं.

त्याची बायको गोदा दर बाजाराला तालुक्याला जायची आणि दुपारचा सिनेमा बघून यायची. तोही कसला, तर माणसं कापायचा! परतायची तेव्हा हातपाय गार, पण चेहरा खुललेला.

लिंबाजीनं विचारलं, "तिकीट काढून भ्यायचं कशाला गं?"

"अहो, चांगलं दचकलं ना, की छातीवरचं ओझं उतरतं. बाहेर आलं की आपलं घरदार गोड लागतं."

लिंबाजीला पटलं.

शेजारची येसूआक्का लेक सासरी गेल्यापासून उदास होती. लिंबाजी सकाळीच तिच्या दारात उभा. "आक्का, तुमची म्हैस विहिरीत पडली!"

आक्का धावली, ठेचकाळली, गोठ्यात पोचली. म्हैस निवांत रवंथ करत होती. तिच्या गळ्यात पडून आक्कानं हंबरडा फोडला.

"आता गोड लागते ना?" लिंबाजीनं विचारलं.

आक्कानं केरसुणी उचलली.

गोदानं त्याच्या पाठीला हळद लावली. "अहो, सिनेमा खोटा असतो हे ठाऊक असतं, म्हणून मजा येते. आधी सांगायचं, 'खोटं आहे, भिऊ नका.'"

"असं होय!"

तिसऱ्या दिवशी पाटलांची कडब्याची गंजी पेटली. पहिल्यांदा दिसली ती लिंबाजीलाच. तो सावकाश पाटलांकडे गेला. "पाटील, खोटं आहे, भिऊ नका. तुमची गंजी पेटली."

पाटील पोट धरून हसले. चहा मागवला. दोघांनी तो फुंकून फुंकून प्यायला. मागून पाटलीणबाई किंचाळल्या, तोवर गंजीची राख झाली होती.

गोदानं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, माणसं किंचाळली की समजावं, खरं आहे! मग तोंड उघडायचं नाही. हात धरायचा आणि बाहेर ओढायचं."

लिंबाजीनं मान डोलावली.

ह्याला घरी एकटं ठेवायला नको, म्हणून पुढच्या बाजाराला गोदा त्याला सिनेमालाच घेऊन गेली. पडद्यावर एक कुऱ्हाडवाला एका पोरीमागे लागला. अख्खं थिएटर किंचाळलं.

लिंबाजी उठला. तोंड उघडलं नाही. आधी गोदाला बाहेर ओढलं. मग तिची रांग. मग पुढची. मग तिकीट फाडणारा अडवायला आला, तोही. थोड्या वेळात सगळं थिएटर बाहेर उन्हात. कुणाच्या एकाच पायात चप्पल, कुणाचं धोतर सुटलेलं.

"अहो, पुरे आता!" गोदा रडकुंडीला आली.

"पुरे कसं? एक पोरगी आत राहिली की!" म्हणत तो पुन्हा आत पळाला.

आतून टर्रर्र असा आवाज आला. लिंबाजी घामाघूम होऊन बाहेर आला. खांद्यावर अख्खा पडदा. तो त्यानं लिंबाखाली सावलीत अलगद निजवला आणि म्हणाला,

"वाचली! कुणीतरी पाणी आणा रे. भीतीनं पार पांढरीफटक पडलीय बिचारी!"