परीक्षकांची टिचकी

विद्यापीठात मनोरंजन-उपचार शिकणाऱ्यांची शेवटची तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक डॉ. हुपरीकर डाव्या हाताने चहा पीत गरजले, "खेळायची कसली पदवी? सगळ्यांना नापास करतो!"

परीक्षेला बसलेल्या सुगंधा पाचारणेने हुपरीकर साहेबांच्या मांडीवर पडून असलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. साहेबांच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर निघून चार महिने झाले, तरी दुखेल या धास्तीने ते बोटं हलवत नाहीत, हे तिने ऐकलं होतं.

"सर, आधी प्रात्यक्षिक तरी बघा," असं म्हणून तिने कॅरम मांडला. एक सोंगटी घेतली, मग राणी घेतली आणि भोकाच्या तोंडाशी असलेली सोंगटी सोडून भलतीकडेच नेम धरला.

"अगं बाई, कव्हर समोर आहे! ती घेतली नाहीस तर राणी परत येईल! सरक!"

साहेबांनी स्ट्रायकर हिसकावला आणि उजव्या हाताने टिचकी मारली. सोंगटी भोकात गेली.

सगळे थक्क झाले. हुपरीकर तर भूत दिसावं तसे आपल्याच बोटांकडे पाहत राहिले.

सुगंधाने हळूच विचारलं, "सर, आत्ता तुम्ही खेळलात, की उपचार घेतलात?"

साहेबांनी त्याच हाताने पेन उचललं आणि गुणपत्रिका जवळ ओढली.