भुऱ्याने पाठवलेला रंग

नद्यांवर पूल नव्हते त्या काळची ही गोष्ट. एका काठावर साळू नावाची साळिंदर पिल्लांसह राहायची, पलीकडे तिचा मित्र भुऱ्या ससा. कोल्हा भुऱ्याचा आवाज हुबेहूब काढायचा. म्हणून पूर ओसरल्यावर दारात येणाऱ्याने खुणेचा रंग दाखवायचा, असं ठरलं. पण पुरात ये-जा करणारा एकटा कावळा, आणि तो नेलेली प्रत्येक वस्तू कोल्ह्याला दाखवायचा.

साळूने कळवलं, "दोघांनी पळसाच्या रंगात आपापला गुपित रंग कालवून ते मिश्रण पाठवायचं. आलेल्या मिश्रणात पुन्हा आपला गुपित रंग घालायचा. दोन्हीकडे एकच रंग होईल, आणि कालवलेलं कोल्ह्याला वेगळं काढता येणार नाही."

भुऱ्याचं मिश्रण आलं. सोबत जांभळाचा नुसता रसही आला.

"चूक नको म्हणून गुपित रंगही पाठवलाय त्यांनी," कावळा म्हणाला.

साळूचे काटे ताठ झाले. "त्याला सांग, आता दुसरा रंग घे. आणि तो कुणालाच पाठवू नकोस, मलासुद्धा नाही."

या वेळी फक्त मिश्रण आलं. साळूने आपला रंग घालून खुणेचा रंग तयार केला, तोवर कावळा पुन्हा हजर.

"रंग जमला म्हणाले. तुमच्याशी जुळतो का बघा, म्हणून थोडा पाठवलाय."

"कोल्ह्याने पाहिला?"

"पाहिला की. थोडा मागूनही घेतला."

साळूने डोळे मिटले. मग पिल्लांना बजावलं, "हा रंग घेऊन कोणीही आलं तरी दार उघडायचं नाही. खुद्द भुऱ्याकाका असला तरीही."

तिने वाडगं घासून स्वच्छ केलं आणि पहिल्यापासून रंग कालवायला बसली.