माशांना आग्रह

पाणंदवाडीत सगुणाबाई नावाची एक माळीण राहायची. बाई मनाने लाख मोलाची, पण तिच्या घरी जेवायला जायचं म्हणजे जिवावर उदार होऊन जायचं! पान जरा रिकामं दिसलं की तिने डावभर भात वाढलाच म्हणून समजा. पाहुणा उठायचा तो भिंतीचा आधार घेऊनच.

एका वर्षी तिचा नवरा भिवाजी म्हणाला, "परसात एक तळं करू या. कमळं लावू, मासे सोडू."

झालं! सगळं घर कामाला लागलं. भिवाजीने आणि थोरला मुलगा केरबा याने खड्डा खणला. सगुणाबाईने ओढ्याकाठची चिकणमाती पाट्या भरभरून आणली. मग पाणी झिरपू नये म्हणून चौघंही खड्ड्यात उतरून माती तुडवू लागली. धाकटी चिमी फुगडी घालता घालता चिखलातच बसली. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली.

विहिरीचं पाणी सोडलं. ते निवळल्यावर कमळाचे कंद लावले आणि ओढ्यात टोपलीने धरलेले चिमुकले मासे आणून सोडले. एकाच्या शेपटीवर काळा ठिपका होता. चिमीने त्याचं नाव ठेवलं ठिपक्या. सकाळी उठली की तोंडही न धुता ती आधी त्याला भेटायला पळायची.

आता हे मासे म्हणजे घरी आलेले पाहुणेच की! सगुणाबाई सकाळी भाकरी कुस्करून टाकायची, दुपारी भात, संध्याकाळी पुन्हा भात. वर "खा रे बाळांनो, लाजू नका," असा आग्रह.

भिवाजी म्हणाला, "अगं, बेताने. एवढुसं त्यांचं पोट."

"तुम्ही गप्प बसा. माझ्या दारातून कुणी अर्धपोटी जात नाही."

"अगं, पण हे जाणार कुठे?" भिवाजीने कपाळाला हात लावला.

थोड्याच दिवसांत पाणी गढूळ झालं, वास मारू लागलं. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. "बघा, भुकेने कशी तोंडं वासलीत!" असं म्हणत सगुणाबाईने आणखी परातभर भात ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमीने भोकाड पसरलं. ठिपक्या पाण्यावर आडवा तरंगत होता. कल्ला जेमतेम हलत होता. सगुणाबाई लुगडं खोचून तशीच तळ्यात उतरली. पाय घोट्यापर्यंत कशात तरी रुतला. तिने मूठ भरून वर काढली, तर सडका भात! नाक धरावं असा वास.

पाणीच वाईट, मासेच नाजूक, असं तिला म्हणता आलं असतं. पण ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, यांना भूक नव्हती हो. यांचा श्वास कोंडला होता, आणि तो मी कोंडला."

"रडतेस काय? घमेलं आण आधी!" भिवाजी म्हणाला.

ठिपक्याला स्वच्छ पाण्याच्या घागरीत ठेवलं. चौघांनी मिळून तळ उपसला, ताजं पाणी सोडलं. दुपारपर्यंत ठिपक्या सरळ पोहू लागला. चिमी अंगणभर नाचली.

खरी परीक्षा पुढेच होती. पाणी नितळ होईपर्यंत एक शीतही टाकायचं नाही, असं ठरलं. सगुणाबाई काठावर आली की मासे झुंडीने तिच्याकडे यायचे. बाईचा जीव तुटायचा. हात आपोआप भाताच्या भांड्याकडे जायचा. "आई, हात!" चिमी ओरडायची. मग ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. उपास माशांचा होता की तिचा, देव जाणे! मासे मात्र शेवाळ खात, डासांच्या अळ्या टिपत मजेत हिंडत होते.

कमळाला पहिली कळी आली त्या दिवशी पानाखाली सुईएवढी पिल्लं दिसली. घरात नुसता दंगा! सगुणाबाईने घरोघर साखर वाटली. उरलेली मूठभर घेऊन ती तळ्यापाशी आली. हात पाण्यावर धरला, क्षणभर थांबली, आणि हसत हसत मागे घेतला. मग तीच साखर ती चिमीला भरवू लागली. एक चिमूट, दोन चिमटी.

"आई, पुरे!" चिमी म्हणाली.

आणि सगुणाबाई चक्क थांबली.

तात्पर्य: माया करताना आपली हौस पाहू नये, समोरच्याची भूक पाहावी.