दारासमोरचा उकिरडा

"परवा लंडनहून माझे पाहुणे येताहेत. त्यांना घेऊन मी इथून जाईन, तेव्हा या घराच्या दारासमोर उकिरडा दिसला तर घर जमीनदोस्त करीन!"

नाकाला अत्तराचा रुमाल लावून लॉर्ड डनमोइलने बग्गीतूनच हुकूम सोडला. आयर्लंडातल्या किलतुबर पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हाताखालची चारही गावं त्याच्या मालकीची. जमीन इथे, जीव मात्र लंडनात! कधीतरी स्वारी यायची, नाक मुरडायची आणि कुळांकडून जमिनीचा खंड गोळा करून परत जायची.

"यांच्यापेक्षा डुकरं बरी!" असंही तो म्हणाला, तेही कुळाच्या तोंडावर. ते कूळ, म्हणजे फेलिम, बिचारा टोपी काढून उभा होता. त्याची मुलगी साबिना दारात उभी राहून लॉर्डकडे पाहत होती, नासक्या बटाट्याकडे पाहावं तशी.

बग्गी गेली. मागे राहिला कारभारी टॉटनम. हा तर लॉर्डपेक्षाही नामी नग!

"आजच हलवतो साहेब उकिरडा," फेलिम म्हणाला.

"हलव की! उकिरडा गेला म्हणजे अंगण सुधारलं. अंगण सुधारलं म्हणजे खंड दुप्पट!"

चारही गावांत टॉटनमचा हाच कायदा होता. भिंतीला चुना लावला, खंड वाढला. भिंतीत नवी खिडकी काढली, खंड वाढला. म्हणून तर शहाणी माणसं दारापुढे शेणाचा ढीग ठेवून आपली गरिबी मिरवत असत.

"दुप्पट खंड मी कुठून देऊ?"

"मग घर सोड!"

"आणि उकिरडा नाही हलवला तर?"

"तर लॉर्डसाहेब घर पाडतील!" असं म्हणून टॉटनम शीळ घालत निघून गेला. दुसऱ्याच्या गळ्याला फास लागला की या माणसाला गाणं सुचायचं.

फेलिम डोकं धरून चुलीपाशी बसला. "संपलं, साबिना. हलवला तरी मेलो, ठेवला तरी मेलो."

"बाबा, रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा. मला इथे काम आहे. आणि जाता जाता ती कुदळ द्या!"

ठरल्या दिवशी पाहुण्यांनी भरलेली बग्गी आली. उकिरडा जागच्या जागी! वाफा सोडत, ऐटीत बसलेला!

"टॉटनम! पाडा हे घर!" लॉर्ड किंचाळला.

घरामागून साबिना हात पुसत आली. "का बरं, साहेब?"

"दारासमोर उकिरडा आहे म्हणून!"

"कुठल्या दारासमोर?"

लॉर्डने पाहिलं. पाहुण्यांनी माना लांब केल्या. उकिरड्यामागे नुसती मातीची भिंत होती, ओली, ताजी लिंपलेली. दाराचा पत्ताच नव्हता!

"दार कुठे गेलं?"

"मागच्या भिंतीत. उकिरडा हलवला तर खंड वाढतो म्हणे. दार हलवलं तर वाढतो असं टॉटनमसाहेब काही बोलले नव्हते. म्हणून आम्ही दार हलवलं."

"नवं दार!" टॉटनम ओरडला. "ही सुधारणा! खंड दुप्पट!"

"नवं? जरा डोळे उघडा! तीच फळी, तीच गंजकी बिजागरी. दार एकच होतं, एकच आहे. आधी रस्त्यावर उतरायचो, आता मागच्या चिखलात उतरतो. ही सुधारणा वाटत असेल तर तुम्हीच राहायला या ना!"

पाहुणे फिदीफिदी हसले. लॉर्ड लालबुंद झाला.

"मूर्ख पोरी! पण रस्त्यावरून मला उकिरडाच दिसतोय!"

"दिसणारच, साहेब. आता तो आमच्या दारासमोर नाही, तुमच्या रस्त्याच्या कडेला आहे. रस्ता तुमचा, कडा तुमची. खुशाल काढून टाका! फक्त जपून हं. रस्ता सुधारला की टॉटनमसाहेब तुमच्याकडूनही दुप्पट खंड घेतील!"

मग लॉर्डच्या नाकावरचा रुमाल गळून पडला आणि तो पोट धरून हसू लागला. हसता हसता त्याची नजर कारभाऱ्याकडे वळली.

"घाण काढली म्हणून खंड वाढवता? आणि वर मला सांगता, की या लोकांना घाणच आवडते?"

टॉटनमला एकदम खोकला आला.

"आजपासून चारही गावांत चुना, खिडकी, झाडलोट, कशावरही खंड वाढायचा नाही! आणि हे घर, ही जमीन बापलेक जिवंत आहेत तोवर त्यांचीच, आहे त्याच खंडात. मुली, आणखी काय हवं?"

"उकिरडा उपसायला एक माणूस द्या, साहेब. आम्ही दोघं भिंत लिंपून दमलोय."

लॉर्ड पुन्हा खदखदून हसला. "टॉटनम," तो म्हणाला, "कोट काढा!"