न टांगलेलं घटिकापात्र

फार फार जुनी गोष्ट, घड्याळं नव्हती तेव्हाची. तांब्याच्या वाटीला बुडाशी बारीक भोक पाडायचं आणि ती पाण्यावर सोडायची. भरून बुडाली, की एक घटका झाली. खाडीकाठच्या एका राज्यात अशी घटिकापात्रं घडवायला शिकवणारे एक गुरुजी होते.

त्यांच्याकडची रीत मोठी कडक, बरं का! नवं पात्र जुन्या, पारखलेल्या पात्राशेजारी पाण्यात सोडायचं. मागेपुढे बुडालं, तर दाराच्या चौकटीवर टांगायचं आणि कुठे चुकलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. चौकट अशा वाट्यांनी नुसती लगडली होती.

वेणा नावाच्या शिष्येचं पात्र मात्र तिथे कधी दिसलं नाही. पोर हुशार, पण भारी हळवी. जरा कुणी बोललं की डोळ्यांत पाणी. गुरुजींचा तिच्यावर फार जीव. तिच्या हातचं भोक नेहमी जरा बारीकच राहायचं. मग काय, पारख व्हायच्या आधी, बाकीचे जेवायला बसले की गुरुजी गुपचूप सुईनं ते मोठं करायचे. वर सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटायचे.

पुढे राजानं वेणाला खाडीच्या उतारावर नेमलं. पुरती ओहोटी झाली की दोन घटका तिथून चालत पलीकडे जाता येई. दुसरी घटका भरली की नगारा वाजवून वाट बंद करायची. वेणानं त्यासाठी नवं पात्र घडवलं. पारखून काही पाहिलं नाही. कशाला पाहील? आजवर तिचं एकही चुकलं नव्हतं ना!

पात्र उशिरा बुडालं. नगारा उशिरा वाजला. डोक्यावर मिठाची पाटी घेतलेली एक बाई मधोमध असतानाच भरती आली. तिची दोन लेकरं काठावर वाट बघत उभी होती.

वेणा ते पात्र घेऊन गुरुजींपुढे आली, तेव्हा त्यांनी सगळं कबूल केलं.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुला वाईट वाटलं असतं, बाळ."

"वाटलं असतं," वेणा म्हणाली. "एवढंच झालं असतं, गुरुजी."

वेणानं पुन्हा कधी तांब्याला हात लावला नाही. गुरुजींनी ते पात्र स्वतः चौकटीवर टांगलं. कुणाच्या चुकीनं ते तिथे आलं, हे प्रत्येक नव्या शिष्याला ते मरेपर्यंत सांगत राहिले. पण त्या दोन लेकरांकडे जायला त्यांचे पाय कधी धजले नाहीत.

तात्पर्य: शिकणाऱ्याची चूक मायेनं झाकू नये, मायेनं दाखवावी.