वाकड्या नाकाची मुद्रा

एका राज्यात अर्तेमोन नावाचा यवन, म्हणजे ग्रीक, राजा होता. राज्य एवढेसे की एका वेशीवर कोंबडा आरवला की दुसऱ्या वेशीवरचे लोक जागे होत. मिजास मात्र सम्राटाची! त्या यवनांची रीत अशी की नव्या राजाने नाण्यावर आपला चेहरा उमटवायचा. अर्तेमोनाचे नाक वाकडे. त्याने टांकसाळीतल्या मायावी कारागिराला, फिलोनला, फर्मावले, "नाक देवासारखे सरळ कोर."

"महाराज, खोटा चेहरा उमटला तर खरा पुसला जाईल."

"कोर!"

पहिले नाणे पडले आणि राजाला कोणी ओळखेना. पहारेकऱ्यांनी मुकुट घातलेला कोणी बहुरूपी समजून त्याला हुसकावले. वाड्याच्या दाराशी त्याची चिमुकली लेक एउदोरा उभी होती. "काका, माझे बाबा पाहिलेत का? ते आल्याशिवाय मी जेवणार नाही," ती म्हणाली. राजाच्या काळजाचे पाणी झाले. पोर दिवसेंदिवस वाळू लागली.

तेव्हा टांकसाळीच्या छपरावरचा डोमकावळा बोलला, "अग्निसर्पाच्या फण्यावरचा निखारा आण. जलपरीच्या तळ्यातले रुपे, चांदी आण. मग भर बाजारात स्वतःच्या हाताने खरा ठसा कोर आणि नाणे पाड. शाप सुटेल."

राजा अग्निसर्पाच्या बिळाशी गेला. सर्पाने विचारले, "तू कोण?"

"राजा."

सर्पाने फूत्कार टाकला, राजाचा हात पोळला.

"उपाशी पोरीचा बाप आहे," राजा कळवळून म्हणाला. सर्पाने फणा खाली केला आणि राजाने त्यावरचा निखारा उचलला.

जलपरीने रुप्याच्या बदल्यात मुकुट मागितला. त्याने तो लगेच काढून दिला. आश्चर्यच म्हणायचे!

मग तो बाजारात बसला. डाव्या हाताने स्वतःचा चेहरा चाचपत उजव्याने ठसा कोरू लागला. लोक खदखदा हसले. "वेडा बघा, स्वतःचे वाकडे नाक कोरतोय!" नाकापाशी त्याची छिन्नी पुन्हा सरळ वळू लागली. सवय का अशी सुटते? इतक्यात दाई एउदोराला कडेवर घेऊन आली. पोरीची मान दाईच्या खांद्यावर कलंडली होती. राजाने दात आवळले आणि नाक होते तसे कोरले. निखाऱ्यावर रुपे तापवले, ठशाखाली धरले आणि घण घातला.

राज्यातल्या साऱ्या नाण्यांवरची नाके वाकडी झाली. हसणारे लोक राजाला ओळखून वाकले. एउदोराने डोळे उघडले.

"बाबा, किती उशीर केलात! मला भूक लागलीय."

राजाने तिला तिथेच मांडीवर घेतले आणि दुधात भाकरी कुस्करून भरवली. त्या दिवसापासून राज्याची घडी नीट बसली. त्या लेकीला जसा बाप भेटला, तसे वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला आपले माणूस भेटो.