वेशीच्या दाराचे एकवीस नियम

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होते. रानडुकरांच्या भीतीने त्या गावाची वेस दिवसाही बंद असे. आणि वेशीचे ते अवाढव्य दार कायम अडकायचे!

पण गाव पडले हुशार. गावच्या लेखनिकाने दार उघडायची युक्ती शोधली आणि वेशीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवली. आतल्याने डावा कोपरा उचलायचा, बाहेरच्याने तिसऱ्या हिसक्याला खांदा द्यायचा. पावसाळ्यात चौथ्या. बघता बघता नियम एकवीस झाले. नवी सून गावात आली की आधी वेशीचे दार शिकायची, मग सासूचा स्वभाव. लेखनिकाला कोण अभिमान!

एके दुपारी त्याच्या लेकीला कळा सुरू झाल्या. बाळ आडवे होते. पलीकडच्या गावची सुईण धापा टाकत वेशीपाशी पोहोचली, आणि दार अडकले.

लेखनिक आतून, फटीला तोंड लावून ओरडला, "मावशी, भिंतीवरचे नियम वाचा! सातवा वाचा!"

"अरे बाबा, मला अक्षर येत नाही! आणि मी बाळंतपण करायला आलेय, पाठांतर करायला नाही!"

"मग मी सांगतो. तिसऱ्या हिसक्याला..."

हिसके तीन झाले, तेरा झाले. दार ढिम्म हलेना. तेवढ्यात घरातून लेकीची किंकाळी आली. लेखनिकाला दरदरून घाम फुटला.

सुईण मात्र गुडघे टेकून दाराखाली पाहू लागली. "काय रे, इथं वाकून कधी कुणी पाहिलंय का? दाराचा खुंट ज्या खळग्यात फिरतो, त्यात खडा अडकलाय!"

एकवीस नियम लिहिणारा तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा त्या दारापुढे पालथा पडला. शेजाऱ्यांनी पहार लावून दार जरासे उचलले. त्याने बोटे आत घातली. नख तुटले, पण खडा निघाला. केवढा? सुपारीएवढा! दार एका हाताने सरकन उघडले. सुईण धावत सुटली, तिच्यामागे लेखनिक.

दिवस मावळायच्या आत नात जन्मली. मायलेकी सुखरूप होत्या. आनंदाने लेखनिकाला हसू आवरेना आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी गावकरी आले. "विहिरीत बादली रोज अडकते हो. तिचेही नियम लिहून द्या."

लेखनिकाने धोतराचा काचा मारला. "लिहायचं राहू द्या. दोर धरा, मी विहिरीत उतरतो!"

तात्पर्य : अडचणीशी जुळवून कसे घ्यावे हे लोकांना शिकवत बसू नये, अडचणच मुळातून दूर करावी.